क्लच प्लेटचे दोन भाव

गेल्या रविवारी फोनवर तुमच्यातल्या थोरलीने मला विचारलं, "आजी, माझ्या गाडीच्या ब्रेकचा एकच पार्ट तीन दुकानांत तीन भावांना आहे. यात लबाड कोण?" मी तिला माझ्या सवयीप्रमाणे मुद्द्याने उत्तर दिलं. एक माल कंपनीच्या खोक्यात, कंपनीच्या हमीसकट येतो. दुसरा दिसतो तसाच, पण बनतो दुसरीकडे. तिसरा कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या गाडीतून काढून, घासून, रंग देऊन ठेवलेला असतो. शिवाय दुकानाचं भाडं, आणण्याचा खर्च, माल किती काळ फळीवर पडून राहतो, बिघडला तर परत घेतात की नाही, हे सगळं त्या आकड्यात बसलेलं असतं.

"वा आजी, तुला बरंच ठाऊक आहे की," ती म्हणाली. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, की एक कारण मी सांगितलंच नाही. ते आमच्या घरात कुणी कधी मोठ्याने बोललं नाही. न बोलल्यामुळे जे झालं त्याची लाज मला इतक्या वर्षांनीही वाटते. तोंडाने सांगायला मला जमायचं नाही, म्हणून लिहिते.

मी लग्न होऊन आकुर्डीला आले तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची आणि हरभऱ्याची शेतं होती, आणि आज तुम्हाला जे शहर दिसतं त्यातलं जवळजवळ काहीही नव्हतं. पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत होती. तिच्या जवळपास एक कारखाना उभा राहिला होता आणि आणखी येणार अशी बोलवा होती. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हातात एकदम पैसा आला, आणि आमच्या भावकीतल्या तीन-चार घरांनी त्या पैशांतून ट्रक घेतले. देहूरोडच्या लष्करी डेपोतून लढाईतल्या जुन्या गाड्या लिलावात निघत. त्या आणायच्या, हिरवा रंग खरवडून वर लाल-निळा द्यायचा, पुढच्या काचेवर खंडोबाचं नाव लिहायचं, आणि नदीची वाळू नाहीतर खाणीतला दगड कारखान्यांच्या बांधकामावर नेऊन टाकायचा. हा तेव्हा आमच्याकडचा नवा धंदा होता.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, रस्त्यालगत गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तरुणपणी ते लॉरीवर क्लीनर होते, पुढे ड्रायव्हर झाले, आणि कंबर धरल्यावर दुकानात बसले. दुकान पुढे, राहतं घर मागे, मधे एक दार. मी पुण्यात इंटरपर्यंत शिकलेली. माझे वडील लष्करी हिशेबखात्यात कारकून होते आणि मुलींना इंग्रजी शिकवायचं हा त्यांचा हट्ट होता. त्या इंग्रजीचा सासरी एकच उपयोग झाला. मामंजींना मालावरचं इंग्रजी वाचता येत नसे. खोकं हातात घेऊन ते दारातून हाक मारायचे, "सूनबाई, ह्याच्यावर काय लिव्हलंय बघ." मी पदर सावरून यायची आणि नंबर वाचून दाखवायची. मग ते समोरच्या गिऱ्हाइकाकडे असे बघायचे, जणू तो नंबर मीच बनवला आहे.

दुकानात माल तीन तऱ्हेचा होता. मुंबईहून येणारा विलायती माल थोडा, कारण तो परवान्यावर यायचा. डेपोतला माल पुष्कळ, मेणकागदात गुंडाळलेला, वरून वंगण लावलेला; तो नवाच असे, फक्त वर्षानुवर्षं कोठारात पडून राहिलेला. आणि पुण्याच्या लेथवर कातलेला देशी माल. एकाच गाडीच्या एकाच भागाचे तीन भाव मी तिथे पहिल्यांदा पाहिले आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. जे वेगळं होतं ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भावकीतलं कुणी आलं, की मामंजी गल्ला उघडत नसत आणि कानावरची पेन्सिलही काढत नसत. माल काढून हातात द्यायचे, आकडा हळू सांगायचे, आणि समोरचा "बरं" म्हणून निघून जायचा. परक्याची उधारी ते कागदावर टिपत. भावकीची कधीच नाही. मला वाटायचं, काय हा नात्याचा लोभ! मी माहेरी तसं कौतुकाने सांगितलंही होतं.

वन्सं, म्हणजे माझी नणंद, लग्नाची होती. चाकणचं एक चांगलं स्थळ चालून आलं. मुलगा शाळेत मास्तर, घरची थोडी जमीन, माणसं नीटनेटकी. मुलगी बघून झाली, पसंती आली आणि सुपारी फोडायला ते आमच्याकडे येणार असं ठरलं. मामंजींनी घर रंगवून घेतलं. मग त्यांची नजर दुकानाकडे गेली. चाकणची मंडळी पुढच्या दारानेच येणार, म्हणजे दुकानातूनच.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझं अक्षर छापल्यावानी हाय. समद्या मालाला चिठ्ठ्या बांधून टाक. पुन्यातल्या मोठ्या दुकानात असत्यात तशा. नाव इंग्रजीत, भाव मराठीत. पावण्यांना कळू दे, हितं शिस्त हाय."

शिस्त म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं! पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या कापल्या, भोकं पाडली, दोरे ओवले आणि काळी शाई घेऊन बसले. मामंजी एकेक भाग हातात घेऊन भाव सांगत आणि मी लिहीत जाई. एका ठिकाणी ते जरा थांबले, म्हणून मी विचारलं, "मामंजी, कोणता भाव लिहू?"

"कोनता म्हंजे? भाव म्हंजे भाव. रोखीचा."

त्यांच्या मनात दुसरा भाव नव्हताच, हे मला आता कळतं. भावकीकडून जे घेत होते त्याला ते भाव समजतच नव्हते. ते नात्यातलं काहीतरी होतं, दुकानातलं नव्हतं. म्हणून इतक्या वर्षांचा दुकानदार असूनही, त्या चिठ्ठ्या कोण वाचेल हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात येण्याचा प्रश्नच नव्हता.

चिठ्ठ्या बांधून झाल्या. दुकान खरंच सुंदर दिसू लागलं. मुंबईकडे जाणारा एक सरदारजी ड्रायव्हर नेहमी थांबायचा. तो आत आला आणि हसायलाच लागला. "सेठ, बहूरानी ने तो हर पुर्जे की शादी का कार्ड छाप दिया!" मामंजी खूश. मी दाराआड तोंडाला पदर लावून हसत होते. त्याने क्लच प्लेट मागितली. चिठ्ठीवर बावीस रुपये होते, ते त्याने मोजून दिले आणि प्लेट कागदात बांधून घेत उभा राहिला.

एवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे मामंजींचे धाकटे चुलतभाऊ. दोघे एका ताटात जेवलेले, एका शाळेतून पळालेले. तात्यांचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा होता, वाळूने भरलेला.

"दादा, बसली बग आमची म्हातारी," ते पायरीवरूनच म्हणाले. "गियर पडतो, पन गाडी हालत न्हाई. माज्यावानीच झालंय तिचं."

"क्लच प्लेट गेली आसंल," मामंजी म्हणाले. "कितींदा सांगितलं, त्या पेडलवर पाय ठिवून बसू नगंस. खुर्ची न्हाय ती."

"मग दे की एक. आन् सूनबाईला सांग च्या टाकाया."

मी आधण ठेवायला वळणार, तोच तात्या हसत हसत फळीपाशी गेले. "ह्ये काय समदं? दुकानाला मुंडावळ्या बांदल्यात का काय?" त्यांनी क्लच प्लेटची चिठ्ठी हातात धरली, जरा लांब नेली आणि वाचली. मग सरदारजीच्या हातातल्या पुडक्याकडे पाहिलं. परत चिठ्ठी वाचली.

"दादा, ह्ये बावीस हाय न्हवं?"

मामंजींनी सरदारजीचे पैसे गल्ल्यात टाकले.

"गेल्या साली म्या हीच नेली. मला अठ्ठावीस सांगितलंस."

"तात्या, आत चल. च्या घे आदी."

"आन् आमच्या धाकट्या भावानं नेली त्ये बी अठ्ठावीस. मला वाटलं मालच म्हाग झालाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "ह्या सरदाराला कितीला दिलीस?"

सरदारजीला मराठी कळत होतं. त्याने पुडकं काखेत मारलं आणि "अच्छा सेठ" म्हणून तो पायऱ्या उतरला. त्याला काहीतरी चोरल्यासारखं वाटलं असावं.

"रस्त्यानं जानाऱ्याला बावीस, आन् एका आज्ज्याच्या नातवाला अठ्ठावीस," तात्या म्हणाले. "मी तुजा कोन रं, दादा?"

मामंजींनी फळीवरून प्लेट उचलली आणि त्यांच्यापुढे धरली. तात्यांनी घेतली नाही. ते उतरले, ट्रकपाशी गेले, आणि तिथून म्हणाले, "सुपारीला परकीच मानसं बोलीव. त्यास्नी सवस्त पडतंय." गाडी तिथेच सोडून ते पायी गावाकडे गेले. मग पिंपरीच्या वसाहतीतल्या एका दुकानातून प्लेट आणवून त्यांनी ती आमच्या डोळ्यांसमोर बसवून घेतली. येणारे-जाणारे विचारत होते, "तात्या, दादाच्या दारात गाडी आन् प्लेट पिंपरीची?" तात्या काहीच बोलत नव्हते. बाकीची गोष्ट ते ऐकणारेच पुढे नेत होते.

चहा मी शेवटी केलाच. तो कुणी प्यायलं नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते, कारण ते वगळून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मला माझ्या सासरची लाज वाटली. एवढं शिकवून वडिलांनी मला कुठे दिलं, जिथे आपल्याच माणसाला सहा रुपये जास्त लावतात! माझ्याच अक्षरातला तो आकडा फळीवर लोंबत होता. चूल पेटवताना, धुणं धुताना मी मामंजींच्या वाटेत येणं टाळत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, नेहमीसारख्या कामात होत्या. पण दुपारी त्यांनी दुकानाचं मधलं दार लावून घेतलं. ते कधीच लावत नसत.

तुमचे आजोबा तेव्हा पिंपरीच्या कारखान्यात लागले होते. सकाळच्या शिफ्टला निघताना ते सायकल पुसत होते. मी विचारलं, "मामंजी खरंच भावकीला जास्त लावतात?"

"लावतात."

"का?"

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "तात्या पैसे कधी देतात, माहीत आहे? उरलेल्या जमिनीची सुगी झाली की. झाली नाही तर पुढच्या सुगीला. मधे लग्न निघालं, तर नाहीच. बाबांना मुंबईवाल्याचे पैसे महिन्यात द्यावे लागतात. भावकीची उधारी लिहायची नाही, मागायची नाही, ही आपल्याकडची रीत. मागितली, तर ‘मला परका समजतोस?’ म्हणतात. मग बाबा काय करणार? वाट बघायची आहे हे धरून आकडा सांगतात. त्यातलेही सगळे येत नाहीतच."

"मग हे तात्यांना सांगत का नाहीत?"

"सांगून बघ," ते म्हणाले आणि सायकलवर बसले.

मला राग आला. माझी लाज एका क्षणात मामंजींवरून उठून दुसरीकडे गेली. मला वाटलं, खरं कारण आहे, साधं आहे, हिशेबाचं आहे. ते सरळ सांगावं की झालं. इंग्रजीत शिकलेल्या माणसाला असंच वाटतं, की कारण सांगितलं म्हणजे प्रकरण मिटतं.

सुपारीच्या दिवशी चाकणची मंडळी आली. दुकानातून आत आली, चिठ्ठ्या वाचत वाचत. मुलाच्या काकांनी कौतुकही केलं. पण बैठकीवर बसल्यावर त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. आमच्याकडून मामंजी, तुमचे आजोबा, आणि आत्याबाईंचे एक भाऊ. भावकीतलं एकही माणूस नव्हतं. सकाळी दारोदार निरोप गेला होता. कुणाला ताप होता, कुणाची गाय व्याली होती.

काका म्हणाले, "दादासाहेब, भावकी दिसत न्हाई?"

"येतील," मामंजी म्हणाले.

आम्ही थांबलो. पोहे गार झाले. वन्सं आतल्या खोलीत नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, आणि बाहेर पाऊल वाजलं की मान वर करत होत्या. कुणी आलं नाही. शेवटी काकांनी फार नम्रपणे सांगितलं, "सुपारी आजच फोडाया पायजे आसं कुटं हाय? तुमचं घरातलं आदी मिटू द्या. आमच्याकडंबी लोक इचारत्यात, मुलीच्या मागं कोन उभं हाय म्हनून." ते उठले. जाताना मुलाच्या आईने वन्संच्या गालावरून हात फिरवला. वन्संनी लुगडं सोडलं, त्याची घडी घातली, आणि माझ्या हातात आणून दिली, जणू ते माझं होतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मामंजींशी सरळ बोलले. "मामंजी, खरं काय ते सांगून टाका. तुम्हाला अवघड वाटत असेल तर यांना सांगू द्या. चूक तुमची नाही."

ते खाटेवर बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "सूनबाई, तात्याला दोन पोरी हायेत. तुज्या वन्संपेक्षा ल्हान. उद्या त्यांची स्थळं बगायची. चारचौघांत म्या म्हनलं, ह्यो पैसं देत न्हाई, म्हनून जादा लावतो, तर त्याच्या दारात कोन यील? म्या लोभी ठरलो तर दुकानापुरता. त्यो बुडव्या ठरला तर घरदार ठरतंय." मग म्हणाले, "तूबी कुटं बोलायचं न्हाई. तुला बोलता येतं, म्हनून सांगतो."

दुसऱ्या दिवशी ते तात्यांकडे गेले. बायकांनी कुंकू लावून सुपारीचं आमंत्रण पुन्हा द्यायचं, म्हणून आत्याबाई आणि मी बरोबर. तात्यांच्या ओट्यावर घोंगडीवर भावकीतली वडीलधारी माणसं बसली होती. आधीच जमवलेली असावीत. आम्ही दोघी आत गेलो. मामंजी वयाने थोरले, पण ते बसले नाहीत. मी माजघरात उंबऱ्याच्या आत उभी होते, आणि ओट्यावरचा शब्द न् शब्द येत होता.

"चुकलं माजं," मामंजी म्हणाले. "लोभ सुटला. आपल्याच मानसांचं जादा घेतलं. परक्यापाशी घेता यीना, म्हनून घरच्यांपाशी घेतलं. पुन्हा व्हनार न्हाई."

मग एक म्हातारे म्हणाले, "कबूल करतुय त्यो. मानूस हाय. मिटवा आता."

"मला पैशाचं न्हाई, दादा," तात्या म्हणाले. त्यांच्या बोलण्यात सोंग नव्हतं. त्यांना खरं कारण ठाऊक नव्हतं असं मी अजूनही म्हणू शकत नाही, आणि ठाऊक होतं असंही नाही. "पर लागलं मला."

"आता आमास्नीबी त्या सरदाराच्याच भावात द्या म्हंजे झालं," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. मामंजीही हसले. ते हसणं मला ऐकवेना, म्हणून मी मागे वळले.

मागे काकी, म्हणजे तात्यांच्या पत्नी, होत्या. चुलीपाशी बसून त्यांनी चहाचं पातेलं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. पातेलं तापलेलं होतं. आत्याबाई पुढे झाल्या आणि कुंकवाचा करंडा उघडून थांबल्या. काकींनी मान वर केलीच नाही, त्यामुळे कुंकू लावायला कपाळ दिसेना.

"आवंदाच्या सुगीचं बी ऱ्हायलंय आमचं," काकी अगदी हळू म्हणाल्या. "आन् त्याच्या आदीचं. म्या म्हनते ह्यांना, द्या म्हनून." आत्याबाईंनी त्यांच्या हातातून पातेलं काढून घेतलं. मग काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजं अक्षर लई चांगलं हाय म्हनत्यात, सूनबाई. पन त्या चिठ्ठ्या काडून टाक. समद्यांना वाचता येतंय."

आम्ही तिघी तिथे उभ्या होतो. बाहेर माफी मागणं चाललं होतं आणि आत ज्यांना खरं ठाऊक होतं त्या तिघी. माझ्याकडे चार इंग्रजी बुकं वाचलेलं तोंड होतं आणि ते मी उघडलं नाही. मामंजींनी बजावलं होतं, हे खरं. पण काकींचं कपाळ समोर असताना ते उघडलं असतं तर काय ऐकवलं असतं मी, आणि कुणाला?

लग्न झालं. चाकणची मंडळी आनंदाने आली. भावकी झाडून हजर होती. तात्या अंगातला सदरा घामाने भिजेपर्यंत पंगती वाढत होते, जिलबीचा आग्रह करत होते. कुणी चिठ्ठ्यांचा विषय काढलाच तर म्हणत, "मानूस हाय, चुकतंय. कबूल केलं त्यानं, त्येच मोटं." हे ते मनापासून म्हणत. मामंजी पंगतीत पाणी वाढत फिरत होते. वन्सं सासरी सुखात राहिल्या, हे मी आवर्जून लिहिते, कारण त्यासाठीच हे सगळं झालं होतं.

चिठ्ठ्या मी सोडायला घेतल्या तेव्हा मामंजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता सोडल्या तर पुन्हा संशव." त्या राहिल्या. भावकी आता चिठ्ठीवरचाच भाव देऊ लागली, म्हणजे द्यायचं कबूल करू लागली. पैसे पूर्वीसारखेच सुगीला, आणि सुगी पूर्वीसारखीच कधी यायची, कधी नाही. बावीस रुपयांत वाट बघण्याची जागा नव्हती. मुंबईवाल्याने आधी खोकी कमी केली, मग विलायती माल पाठवणं बंद केलं, मग डेपोच्या लिलावात बोली लावायला मामंजींपाशी काही उरलं नाही. फळ्या मोकळ्या होत गेल्या. एक दिवस त्यांनी दुकानाच्या पुढच्या दाराच्या फळ्या कायमच्या लावल्या आणि मधलं दार उघडं ठेवलं. त्यानंतर दुकानातच धान्याची पोती राहू लागली. घर तुमच्या आजोबांच्या पगारावर आणि ओव्हरटाइमवर चालू लागलं.

तात्या तेव्हा पिंपरीच्याच दुकानातून माल घेत. तिथे उधारी नव्हती. रोख पैसे मोजायचे आणि माल न्यायचा. ते बरोबर मोजत. मामंजी ओट्यावर बसलेले असत आणि रस्त्याने जाताना तात्या गाडी हळू करून हाक मारत, "दादा, बरं हाय का?" मामंजी हात वर करत. दोघांमध्ये वितुष्ट कधीच आलं नाही. ते यावं असं मला कितीदा वाटलं.

मामंजी गेले तेव्हा दहाव्याला नदीवर सारा गाव आला. तात्या म्हातारे झाले होते. ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर रडत म्हणाले, "आमच्या दादानं येक चूक केली आयुष्यात, आन् ती चारचौघांत कबूल केली. आसं काळीज कुनाचं हाय?" लोकांनी माना डोलावल्या. पुढे कितीतरी वर्षं मामंजींचं नाव निघालं की हीच गोष्ट निघायची. त्यांच्या चांगुलपणाची खूण म्हणून त्यांचा लोभ सांगितला जायचा. बायकांत मी काकींच्या शेजारी बसले होते. काकींनी माझा हात धरला आणि सोडला नाही, पण आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

तर बाळ, तू विचारलंस लबाड कोण. तुझ्या तीन दुकानांचं मला ठाऊक नाही. इथे कुणी लबाड नव्हतं, आणि तरी लाजेने मान खाली घालावी लागली ती सगळ्यांत कमी चूक असलेल्या माणसाला. हे मी तेव्हा आकुर्डीत एकदाही बोलले नाही. आता तात्याही नाहीत, काकीही नाहीत.

तात्यांची पणतवंडं तुमच्या ओळखीची आहेत. तुम्ही एकमेकांना फोटो पाठवता, वाढदिवसाला फोन करता, हे मला माहीत आहे. हे त्यांना दाखवू नका. त्यांच्यातल्या एकीचं सध्या लग्नाचं चाललं आहे.